एका खाड्याला दोन दिवस

खाडा हा शब्द मला अजूनही शिवीसारखा लागतो. नातवंडं शाळा बुडवतात आणि वर हसत सांगतात, "आजी, आज खाडा केला." मी ताडकन म्हणते, दुसरा शब्द वापरा, हा या घरात नको. ती आपापसांत म्हणतात, म्हातारी चळली. चळली तर चळली. ज्याचं जळतं त्याला कळतं.

त्या वेळी आम्ही जळगावात राहत होतो. मी मूळची असोद्याची, शेतकऱ्याची मुलगी. तिथल्या शाळेत थोडं शिकलेली, म्हणून तर हे लिहू शकते. लग्नानंतर थोडक्या कोरडवाहू जमिनीवर दिरांचंच भागेना, तेव्हा आम्ही शहराच्या कडेला एका चाळीत बिऱ्हाड केलं. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की नवरा चोपड्याच्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, गठाणी वाहायला जायचा तो होळी झाल्यावरच परत. मी इथल्याच एका जिनात कामाला. घरात मी, सासू आणि माझी मुलगी. सासूला मी आत्याबाई म्हणायची. ती धुळ्याकडची, तिच्या तोंडात अस्सल अहिराणी, आणि माझं बोलणं ऐकून ती म्हणायची, "तुम्हनं असोदानं बोलनं म्हंजे कोंबडी पयी राहिनी!" म्हणजे कोंबडी पळाल्यासारखं बोलतेस. मीही काही कमी नव्हते. आमचं भांडणही दणदणीत आणि जेवणही एका ताटात.

जिनात आम्ही बायका रेच्यांपुढे ओळीनं उभ्या राहायचो. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र. आपण हातानं कापूस घालत राहायचा, पुढून रुई निघायची, खाली सरकी पडायची. तंतू इतके उडायचे की संध्याकाळी भुवया पांढऱ्या. एकमेकींना बघून आम्ही म्हणायचो, चला, एका दिवसात म्हाताऱ्या झालो. हसायला तेवढंच.

मजुरी आठवड्याची, बाजाराच्या दिवशी, हजेरीच्या खिडकीवर. आणि तिथं नियम असा की एक दिवस खाडा झाला तर कापायचे दोन दिवस. जो दिवस मी आले नाही त्याची मजुरी मिळणार नाही, हे मला मान्य. फुकटचं कोण मागतंय? पण तो दुसरा दिवस कुठला? त्या दिवशी तर मी उभी राहून राबले होते, नाकातोंडात तंतू घेतले होते. तो कुणाच्या घशात जायचा? विचारलं की म्हणायचे, शिस्त. दंड केला नाही तर बायका रोज सणवार काढतील. सण! आमच्याकडे सण असला की आदल्या दिवशी रात्रभर दळण आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेच्यापुढे. पण सगळ्या गप्प, कारण रेच्यावरची जागा गेली की गेली. बाहेर फाटकाशी रोज दहाजणी उभ्या असायच्या.

त्या वर्षी संक्रांतीच्या आगेमागे माझ्या मुलीला देवी आल्या.

नव्या लोकांना हे सांगावं लागेल. देवी म्हणजे कसली रोगराई, टोचून घ्यायची, असं आता सगळे म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. देवी टोचणारा आमच्या चाळीत आला होता तेव्हा मुलगी असोद्याला माझ्या माहेरी होती, तेवढंच चुकलं. पण आम्ही त्याला आजार म्हणत नव्हतो. आजार म्हटलं की देवीचा अपमान. शितळामाय घरात आली, मुलीच्या अंगावर बसली, असं म्हणायचं. अंगावरच्या फोडांना फोड म्हणायचं नाही, दाणे म्हणायचं. दारात कडुनिंब लावायचा. घरात फोडणी नाही, केस विंचरायचे नाहीत, आवाज चढवायचा नाही, शिळं आणि थंड खायचं. डाक्टर आणायचा नाही. घरातलं कुणी कामाला जायचं नाही. आणि ती निघाली की लिंबाच्या पाण्यानं आंघोळ, तिच्या ठाण्यावर दहीभात, आणि त्यानंतर सव्वा महिना तिचा मान राखायचा. या सव्वा महिन्यात ती आली नव्हती असं चुकूनसुद्धा बोलायचं नाही. नाकारलं तर ती जाताना काहीतरी घेऊन जाते. काय घेते? बहुतेक डोळे. देवी येऊन गेलेल्या घरात आंधळं पोर आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

मुलीच्या कपाळावर पहिले दाणे दिसले त्याच दिवशी आमची मुकादमीण चाळीच्या तोंडाशी आली. आम्हा बायकांवर देखरेख करणारी बाई ती. आत पाऊल टाकलं नाही. लांबूनच ओरडली, "येऊ नको गं कामाला! बाकीच्यांची लेकरं आहेत. तुझ्या शेजारी कुणी उभी राहणार नाही. तुझा रेचा मी सांभाळते."

मी म्हटलं, "अक्का, खाडे पडतील."

"देवी आल्यावर कसले खाडे! मी सांगेन वर."

मला आधार वाटला. मी तिला घरातूनच हात जोडले.

ते दिवस कसे काढले ते लिहीत बसत नाही. मुलगी रडायची सुद्धा नाही, नुसती कण्हायची. तिच्या पापण्या चिकटून जायच्या आणि आत्याबाई थंड पाण्यानं हळूहळू सोडवायची. ही बाई, जिच्या आवाजानं चाळीतली कुत्री पळायची, ती त्या दिवसांत कुजबुजत बोलत होती. घरात असलेलं उसनं-पासनं सगळं संपलं. माझ्या पायातलं चांदीचं होतं तेही गेलं. पण मुलगी वाचली. देवी निघाली. दहीभात झाला. मी पुन्हा रेच्यापुढे उभी राहिले, आणि मुकादमिणीनं जागा खरंच राखली होती.

पण मुलीचे डोळे लाल राहिले. उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं, बुबुळावरच. डाव्यातही लाली आणि पाणी. बाजारातल्या दवाखान्यातला कंपाउंडर वळखीचा होता, त्याला रस्त्यातच दाखवलं. त्यानं डोळ्यावर हात धरला, काढला, पुन्हा धरला. म्हणाला, "उजवा गेला वहिनी. डावा वाचेल, पण इथं नाही. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात डोळ्याचा डाक्टर आहे. लगेच न्या. उद्या-परवा करू नका."

लगेच! धुळं म्हणजे काय पलीकडची गल्ली? पाचोऱ्यावरून चाळीसगाव, तिथं गाडी बदलायची, मग धुळं. तिकीट, तिथलं राहणं, खाणं. आत्याबाई मुलीला घेऊन जायला तयार होती, तिचं माहेरच तिकडचं. मी कामावर राहिले असते. फक्त पैसे हवे होते, आणि ते बाजाराच्या दिवशी मिळणार होते. उसने मागायला दार उरलं नव्हतं. मी दोन रात्री मुलीच्या डोळ्यावर ओली चिंधी ठेवून काढल्या आणि बाजाराच्या दिवशी खिडकीवर गेले.

कारकुनानं माझ्यापुढे जे सरकवलं ते पाहून मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं आहे. तेवढ्यात मुलीला पाचोरा दिसला असता, धुळं नव्हे.

"भाऊसाहेब, हे काय?"

"खाडे झालेत ना बाई. एकाला दोन. मागचेही राहिलेले होते, तेही धरलेत."

"अहो, पण घरात देवी आल्या होत्या."

त्यानं टाक खाली ठेवला. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. टोपी नीट केली. मऊ आवाजात विचारलं, "कुणाला? मुलीला? कोप आवरला ना?"

"आवरला तिच्या कृपेनं."

"हां, बरं झालं," असं म्हणून त्यानं टाक उचलला. "मग खाडे बरोबर आहेत. नियम असा आहे की स्वतः कामगार आजारी असेल आणि डाक्टरची चिठ्ठी असेल तर दंड नाही, गेलेल्या दिवसांचंच कापतो. तू आजारी होतीस का?"

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. हात जोडलेला माणूस आणि कापणारा माणूस एकच कसा? मी म्हटलं, "मला मुकादमीण अक्कानं सांगितलं, येऊ नको म्हणून! विचारा तिला." अक्का तिथंच होती, बायकांची रांग लावत. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. 

"बोल ना गं अक्का! जीभ कुणाला दिलीस?"

ती म्हणाली, "रांग सोड, मागे बायका आहेत."

 मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मालकाच्या वाड्यात देवी आल्या तर त्याचाही एकाला दोन कापाल का, हे विचारल्याचं आठवतं. मागे कुणीतरी हसलं. कारकून चिडला नाही, तो मनानं वाईट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "अगं बाई, डोकं चालव. आपल्या जिनाच्या डाक्टरकडे जा. मला ताप होता म्हण, अंथरुणावर होते म्हण. मुलीचं नाव काढू नको, देवीचं तर मुळीच नको. डाक्टर लिहून देईल. उद्या दुपारच्या आत चिठ्ठी आण, मी दंड परत करतो. हाय काय आणि नाय काय!"

म्हणजे खरं बोललं तर दुप्पट कापणार आणि खोटं बोललं तर परत देणार. आणि खोटं तरी कुठलं? देवी आली नव्हती, हे. सव्वा महिना पुरा व्हायला अजून किती तरी दिवस होते. डावा डोळा लाल होता. मी तिला नाकारून तिकिटाचे पैसे आणायचे आणि तिनं तोच डोळा न्यायचा, असं माझ्या मनात लख्ख दिसलं. आज कुणी हसेल. हसा. तुमच्या मांडीवर पोर ठेवा आणि मग हसा.

मी घरी आले. आत्याबाई दारात बसून मुलीला मांडीवर घेऊन होती. तिनं विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, ही आता कानशिलात देईल. कारण देवीच्या बाबतीत तिच्याइतकी कडक बाई चाळीत नव्हती. मी मुलीला शिळ्या भाताऐवजी ताजा भात वाढू का विचारलं होतं तर तिनं मला दिवसभर धारेवर धरलं होतं. पण चिठ्ठीचं ऐकून ती उठली. मुलीला माझ्या हातात दिलं, डोक्यावरून पदर घेतला, भांड्यात उरलेलं दही घेतलं आणि निघाली. चाळीपलीकडे लिंबाखाली शेंदूर लावलेले दगड होते, तेच शितळामायचं ठाणं. मी दारातून बघत होते. ती तिथं बराच वेळ बसली. बोलत होती, हातवारे करत होती, जसं बाजारात भाजीवालीशी भाव करताना करायची तसं. शेवटी तिनं डोकं टेकवलं.

परत आली तेव्हा चेहरा मोकळा. म्हणाली, "जाय. सांग, मले ताप व्हता."

"आत्याबाई, आणि मायचा कोप झाला तर?"

"मी तिले सांगी उनू. खोटं तुनं नही, मनं शे. तू नुसती तोंड हलाव. पोर वाचनी, आते तिना डोया वाचाले पाहिजे."

खोटं तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं. "काय सांगितलंस तिला?"

"ते तिनं आनि मनं शे. तू जाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाक्टरकडे गेले. मुकादमीण अक्का आपणहून बरोबर आली. वाटेत म्हणाली, "काल बोलले असते तर माझीही जागा गेली असती गं." मी म्हटलं, "ठाऊक आहे." तिच्यावर रागवायला माझ्यात ताकद नव्हती. डाक्टरनं मान वर केली नाही. "ताप?" विचारलं. मी म्हटलं, "ताप." मी पदर सावरेपर्यंत त्यानं लिहूनसुद्धा टाकलं. माझी नाडी पाहिली नाही, कपाळाला हात लावला नाही. एवढं सोपं! माझ्या घरात आठवडेच्या आठवडे जे घडलं त्याला कुणी कागद देईना, आणि जे घडलंच नाही त्याचा कागद शाई वाळायच्या आत हातात. कारकुनानं शब्द पाळला. दंड परत दिला, वर म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

त्याच दुपारी आत्याबाई मुलीला घेऊन गाडीत बसली. जन्मात पहिल्यांदाच. खिडकीतून मला म्हणाली, परातीतलं भाकरीचं पीठ वाया घालवू नको. मी फलाटावर रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको व, लोके पाही राहिनात."

उजवा डोळा गेला तो गेलाच. डावा राहिला. धुळ्याच्या डाक्टरनं आत्याबाईला सांगितलं, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. ती परत आली तेव्हा मुलगी तिच्या पाठीवर होती आणि माझ्याकडे बघून हसली. बघून! त्या दिवशी मी चुलीपुढे बसून एकटीच हसले आणि रडले, दोन्ही.

पुढं वर्षं गेली. मुलगी वणांच्या चेहऱ्यानं आणि एका डोळ्यानं मोठी झाली, तिच्या जिभेला मात्र आजीची धार आली. नवऱ्याला पाचोऱ्याच्या एका व्यापाऱ्याकडे बारमाही काम लागलं, हातात थोडं राहू लागलं. मी अजून जिनात जात होते. एक दिवस खिडकीवरच्या नव्या कारकुनानं सांगितलं की सरकारनं कायदा केलाय, आता जितके दिवस गैरहजर तितक्याच दिवसांचं कापायचं. एकाला एक. बायका एकमेकींना विचारत राहिल्या, खरं का गं? त्या आठवड्यात माझा एक खाडा होता. एकाचंच कापलं. मी ते पैसे हातात घेऊन तशीच उभी राहिले, मागच्या बाईनं ढकललं तेव्हा हलले.

घरी आले तर आत्याबाई तांदूळ निवडत होती, खडे बोटांनी चाचपून. तिच्या उजव्या डोळ्यावर वर्षभरापासून पांढरी साय आली होती. मोतीबिंदू. आम्ही सांगत होतो, धुळ्याला जाऊ, आता कापून काढतात, पट्टी सुटली की दिसतं. ती टाळत होती. तिला भीती वाटत असेल असं मी समजत होते. त्या दिवशी मी आनंदातच होते. कायद्याचं सांगितलं आणि म्हटलं, "आत्याबाई, आता खाड्याची भीती गेली. मी रजा काढते, तुला घेऊन जाते. पैसेही आहेत."

ती म्हणाली, "नको. तो डोया मी दिधेल शे. दिधेल चीज कोन परत मांगस?"

मला कळेना. "कुणाला दिलास?"

मग तिनं सांगितलं. इतक्या वर्षांनी, तांदूळ निवडता निवडता, जसं काल बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. त्या दिवशी लिंबाखाली तिनं देवीला म्हटलं होतं, सून उद्या तुला नाकारणार आहे, पोटासाठी. तुला डोळा घ्यायचाच असेल तर पोरीचा उरलेला घेऊ नको, माझा घे. मी म्हातारी, मला एक पुरतो. आणि मायनं ऐकलं. तिचाच उजवा घेतला, पोरीचा गेला त्याच बाजूचा. ती खूश होती. सौदा पुरा झाला म्हणून ती खरोखर खूश होती.

 मी तिचा हात धरला, तांदूळ सांडले. म्हटलं, "अगं आत्याबाई, देवीनं नाही नेला गं तुझा डोळा! वय झालं की सगळ्यांना होतं. धुळ्याचा डाक्टर काढून देईल. देवीनं काही नेलं नाही."

तिनं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"देवीनी नही नेला? मंग कोनी नेला? तुन्हा कारकूननी?"

आणि आपल्याच बोलण्यावर ती खळखळून हसली, खोकला येईपर्यंत. मी खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करायला लागले. ती शेवटपर्यंत धुळ्याला गेली नाही.